इस्पिकची एन्ट्री

माझी डावी भिवई माझ्या ताब्यात नाही. मंडईच्या नाटकात हीच भिवई माझी पोटापाण्याची नसली तरी मानाची मालमत्ता आहे. दिवाळी सरली की आमच्या भागात गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, मंडई म्हटली की नाटक आलं, आणि नाटकात विनोदी पात्र म्हटलं की या मोसमात बऱ्याचदा मी असतो. एरवी तुमसरच्या बाजारात माझं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. गिऱ्हाईक युरियाचं पोतं उचलता उचलता म्हणतात, "भाऊ, मागच्या साली मोहाडीले हवालदार तुम्हीच होते ना?" भिवई वर जाते. त्यांना ओळख पटते.

पण दर रविवारी दुपारी हीच भिवई मला बुडवत आली आहे. रविवारी दुपारी आम्ही ब्रिज खेळतो.

तुमसरात ब्रिज खेळणारे किती, असं कोणी विचारलं तर मी चार म्हणून सांगतो. माझा खेळ पाहिलेला माणूस साडेतीन म्हणेल. मिलवाले काका, ज्यांच्या राइस मिलच्या वरच्या खोलीत आमचं टेबल मांडलेलं असतं. जनावरांचे डॉक्टर, जे काकांचे भिडू. मी. आणि माझ्यासमोर माझी भिडू, बाई. बाईंनी मला आठवीत गणित शिकवलं होतं. ते मला आलं नाही, तरीही त्यांनी म्हातारपणी मला पुन्हा पदरात घेतलं, यावरून त्यांच्या धीराची कल्पना यावी.

बाईंना ब्रिज कुठून आला, ही गोष्टही ऐकण्यासारखी. त्यांचे यजमान तुमसरच्या पुढच्या मँगनीजच्या खाणीवर हिशेबनीस होते. खाणीवरच्या साहेबांच्या क्लबात चौथा गडी एकदा बाळंतपणासाठी माहेरी गेला, म्हणजे गेली, आणि कोणीतरी म्हणालं, हिशेबनिसाची बायको गणिताची मास्तरीण आहे, तिला बसवा. बाई बसल्या. बाळंतीण परत आली तेव्हा तिला तिची खुर्ची काही मिळाली नाही.

आता ज्यांनी ब्रिज पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. प्रत्येकाला तेरा पानं. समोरासमोरचे दोघं एका बाजूचे. खेळ सुरू होण्याआधी कुठला रंग हुकूम आणि किती हात करणार याची बोली लागते, आणि त्या बोलीतून आपल्या भिडूला सांगायचं असतं की माझ्या हातात कुठला रंग किती लांब आहे. पाच इस्पिक आहेत की चार, बदाम दोन आहेत की सहा. बाई याला पानांची ठेवण म्हणतात. ही ठेवण फक्त बोलीतून सांगायची. "एक बदाम", "दोन इस्पिक", एवढेच शब्द. सूर बदलायचा नाही, खाकरायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही.

आम्ही सारे मेंढीकोटावर वाढलेलो. मेंढीकोटात भिडूला नाक खाजवून एक्का कळवणं ही कला आहे आणि ती ज्याला येत नाही त्याला कोणी खेळायला घेत नाही. ब्रिजमध्ये हेच पाप. आणि बाई त्या बाबतीत इतक्या कडक की माझ्या चेहऱ्यावरून चुकून काही कळू नये म्हणून बोली चालू असताना त्या माझ्या डोक्यावरून भिंतीवरच्या खताच्या कॅलेंडरकडे बघत बसायच्या. कॅलेंडर मीच दिलेलं. माझी भिवई मग कोण बघायचं? समोरची पार्टी. त्यांना बघायला मनाई नाही.

"जनावर बोलत नाही," डॉक्टर शांतपणे म्हणायचे, "म्हणून त्याचं तोंड पाहून रोग ओळखा लागते. भाऊंचं तर अजूनच सोपं आहे."

"सहा पानं आहेत एखाद्या रंगाची," काका म्हणायचे. "पाचाले भिवई इतकी वर नाही जात."

भिवईचं एक वेळ सोडा, ती देवाची देणगी. माझी दुसरी खोड मात्र माझ्या नाटकातून आलेली. आमच्या नाटकात हिरो कधी पहिल्या प्रवेशात येत नाही. आधी म्हातारा येतो, मग मी येतो, लोकांना हसवून तयार करतो, आणि मग गाणं वाजतं, लाइट फिरतो, शिट्ट्या पडतात, तेव्हा हिरोची एन्ट्री. आता पत्त्यांत सगळ्यांत वरचा रंग इस्पिक. त्याच्याखाली बदाम, मग चौकट, मग किलवर. माझ्या हातात पाच इस्पिक आणि पाच बदाम आले, की माझ्याने इस्पिक आधी बोलवतच नसे. राजा असा पडदा उघडल्या उघडल्या झाडू मारणाऱ्या गड्यासारखा यावा? मी आधी "एक बदाम" म्हणून वातावरण तयार करायचो, आणि पुढच्या फेरीत, छाती भरून, "दोन इस्पिक."

ब्रिजमध्ये याचा अर्थ भलताच होतो. दोन रंग सारखे लांब असले तर वरचा आधी बोलायचा, हा नियम. खालचा आधी आणि वरचा मागून आला, म्हणजे खालचा वरच्यापेक्षा लांब आहे, असं भिडू समजतो. बाई समजायच्या. इस्पिकमध्ये आम्हा दोघांची मिळून आठ पानं असायची आणि बाई मला बदामच्या सात पानांवर चढवून ठेवायच्या. मग डाव असा आपटायचा की खालच्या मिलमध्ये मजूर वर बघायचे.

"नाटक्या," बाई म्हणायच्या, "तुझ्या राजाले उशिरा यायची सवय असेल. मले उशिरा समजायची नाही."

मी हसायचो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच करायचो. कारण तेव्हा चालून जायचं. बोलीत मी गोंधळ घातला तरी खेळताना बाईंची नजर प्रत्येक पडलेल्या पानावर असायची आणि त्या माझी थाप मधल्या मध्ये ओळखून डाव सावरायच्या.

मग त्यांची नजर जाऊ लागली.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग जातोय, कडा राहतील. बाई समोर बघत असल्या की समोरचाच माणूस त्यांना दिसत नाही, त्याच्या बाजूची खिडकी दिसते. मोठ्या अक्षरांचे पत्ते त्यांनी मागवले आणि पक्षी दाणा बघतो तशी मान तिरपी करून त्या हातातली पानं बघू लागल्या. टेबलावर पडलेली पानं काही दिसत नव्हती. मग आम्ही प्रत्येकानं पान टाकताना त्याचं नाव घ्यायचं असं ठरलं. "चौकटचा नव्वा." "बदामची राणी." काकांना पहिले काही रविवार देवळात आरती म्हटल्यासारखं वाटलं, मग सवय झाली.

"एक बरं झालं," बाई मला म्हणाल्या, "आता कॅलेंडरकडे पाहा नाही लागत. तू समोर असला काय नि नसला काय, धुकंच दिसते."

त्या दिवाळीला बाईंचा मुलगा पुण्याहून आला. भला माणूस आहे, लहानपणी माझ्याच दुकानासमोर सायकल शिकला. तो आईला न्यायला आला होता, कायमचं. त्याचं म्हणणं काही चूक नव्हतं. तिथं लिफ्ट आहे, दवाखाना आहे, नाती आहेत. इथं बाई एकट्या, गॅस पेटवताना शेजारीण धावते. त्याने दोघांची तिकिटं काढून ठेवली होती. "आई," तो म्हणाला, "इथं तू नक्की कशासाठी थांबणार आहेस?"

बाई म्हणाल्या, "रविवारी सांगते."

आणि मला घरी बोलावून घेतलं. स्वयंपाकघरात त्यांनी ओट्यावर चार वाट्या ओळीने मांडल्या होत्या आणि पुढ्यात तेरा चिंचोके.

"हे पाय," त्या म्हणाल्या. "मले आता पडलेलं पान दिसत नाही. तुह्या बोलीवरून तुह्या हातातली तेरा पानं मले मनात मांडा लागतात, अशी, या वाट्यांत. ती मांडता आली, तर मी अजून खेळू शकते. खेळू शकते, तर इथं राहू शकते. घर बंद करून पुण्याच्या गॅलरीत बसून दुसऱ्याच्या कुंड्या मोजायला मी जाणार नाही. पण नुसतं टेबलाजवळ बसवून ठेवलेली म्हातारी पण मी होणार नाही. रविवारी जमलं तर राहते. नाही जमलं, तर हा पोरगाच जातो मले घेऊन."

"बाई, म्हणजे तुमचं घर माह्या बोलीवर?"

"तुह्याच. दुसरा भिडू कुठून आणू? बोल."

त्यांनी पत्ते वाटले. मी पानं उचलली. पाच इस्पिक, पाच बदाम, दोन चौकट, एक किलवर. देवाशपथ सांगतो, जीभ आपोआप वळली. "एक बदाम."

बाईंनी बदामच्या वाटीत पाच चिंचोके टाकले.

"दोन इस्पिक."

इस्पिकच्या वाटीत चार. मूठ पुढे धरून त्या म्हणाल्या, "चार राहिले. आता पानं दाखव." मी वाचून दाखवली. त्यांनी मुठीतला एक चिंचोका दोन बोटांत धरला. "हा पाचवा इस्पिक. माह्या मुठीत होता. याले वाटीच भेटली नाही."

"बाई, सवय आहे."

"तुही सवय. घर माहं."

एवढं बोलून त्या थांबल्या नाहीत, शिकवायला लागल्या. आठवीच्या वर्गातल्यासारख्या. दुपारभर. सारखे लांब असले तर वरचा आधी. तोच खालचा रंग दुसऱ्यांदा बोललास, तर खालचेही पाच. वाटीत चिंचोके पडत होते, निघत होते. माझी थाप निघाली की त्या वाटी उलटी ठेवायच्या. संध्याकाळपर्यंत वाट्या सुलट्या राहू लागल्या. मी अगदी केविलवाणा झालो होतो. माझ्या हातातला प्रत्येक राजा पहिल्याच प्रवेशात येऊन उभा राहत होता, ना गाणं, ना शिट्टी.

"खालचा आधी नि वरचा मागून, असं कधीच नाही का बोलायचं?" मी शेवटी काकुळतीला येऊन विचारलं.

"बोलायचं ना. खालचा खरंच लांब असला तर. समज, सहा बदाम नि पाच इस्पिक. एक बदाम. मग दोन इस्पिक." त्यांनी पाच आणि चार चिंचोके टाकले. "नि मग पुन्हा इस्पिक. दुसऱ्यांदा बोलला म्हणजे इस्पिक पाच झाले. बदाम त्याहून लांब, हे तूच आधी सांगितलं. म्हणजे बदाम सहा." दोन्ही वाट्यांत एकेक चिंचोका वाढला. त्यांनी मूठ उघडली. "खाली चौकट-किलवर मिळून उरली दोन पानं. पण असा हात वर्षातून एखाद्या वेळी येते."

"म्हणजे त्या दिवशी माह्या हिरोले उशिरा यायची परवानगी आहे."

"आहे. पण तुह्या एवढ्या थापा ऐकल्यावर त्या दिवशी खरं कोण मानणार?"

रविवार आला. नवीन धान बाजारात उतरलं होतं म्हणून मिल रविवारीही चालू होती. खाली मशीन धडधडत होतं, वर टेबलावरचे पाण्याचे पेले बारीक थरथरत होते, आणि खोलीत उकडलेल्या धानाचा वास भरला होता. काकांनी तर्री पोहे मागवले होते. माझी आदल्या दिवशी मोहाडीची मंडई झाली होती आणि डोळ्यांतलं काजळ पुरतं निघालं नव्हतं. बाईंचा मुलगा आईच्या मागे खुर्ची टाकून बसला.

"पुण्याले जाऊन ब्रिज शिकला का रे?" काकांनी विचारलं.

"नाही काका, मला वेळच नाही मिळत."

"मला," काका डॉक्टरांना म्हणाले. "ऐकलं? इथं असताना मले म्हणत होता."

पहिले काही डाव फुटकळ गेले. वाईट नाही, चांगलेही नाही. बाई मान तिरपी करून पानं बघत, बोली ऐकत, आणि मधूनच एखाद्या पानाचं नाव पुन्हा विचारत. मुलगा प्रत्येक वेळी खुर्चीत पुढे सरकायचा. मला त्याच्या सरकण्याचाच आवाज जास्त ऐकू येऊ लागला.

मग वाटणीची पाळी माझी आली. पानं उचलली, रंगवार लावली. आणि भिवई गेली वर.

काकांनी पोह्याची बशी खाली ठेवली. "आलं काही तरी मोठं."

इस्पिक पाच: एक्का, राजा, गुलाम आणि दोन लहान. बदाम सहा: एक्का, राणी, गुलाम, दश्शी, खाली दोन लहान. चौकट एक, किलवर एक, दोन्ही फालतू. बाईंच्या स्वयंपाकघरातला हात ओट्यावरून चालत माझ्या हातात येऊन बसला होता.

"एक बदाम," मी म्हणालो.

"पास," डॉक्टर.

"बिनहुकूम एक," बाई म्हणाल्या. म्हणजे थोडी ताकद आहे, पण सांगण्यासारखा लांब रंग नाही.

"पास," काका.

आता मला इस्पिक बोलायचे होते. हे तेच वाक्य होतं जे मी इतक्या रविवारी खोटं बोललो होतो. माझ्यापाशी एक वाक्य वीस तऱ्हांनी म्हणण्याची विद्या आहे. रडून, हसून, शपथेवर, प्रेक्षकांकडे डोळा मारून. त्यातली एकही चालणार नव्हती. बाई, या वेळी खरं आहे, असं सांगायला माझ्यापाशी दोनच शब्द होते, आणि ते आधीच बाटलेले.

"दोन इस्पिक."

"आली," काका मांडीवर थाप मारून म्हणाले. "हिरोची एन्ट्री आली."

"बोलीत बोलू नका," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला होता, पण मान थांबली होती. डॉक्टर पास म्हणाले. बाईंनी बराच वेळ घेतला, आणि मग सावध पाऊल टाकल्यासारखं म्हणाल्या, "बिनहुकूम दोन."

त्यांना माझं खरं वाटलेलं नव्हतं. तरीही त्या अजून विचारतच होत्या: आणखी काही सांगायचं आहे का?

काका पास. मी एसटीचा कंडक्टर थांब्याचं नाव घेतो तसं, कुठलाही रंग न भरता म्हणालो, "तीन इस्पिक."

खाली मशीन चालू होतं. बाईंनी पानं पालथी टेबलावर ठेवली. त्यांचा उजवा हात टेबलाच्या कडेवर आला आणि तिथं काहीच नसताना बोटांनी काही तरी टाकू लागला. एकीकडे एक, मग दुसरीकडे एक. मुलाने माझ्याकडे पाहिलं, आईला काय झालं म्हणून. मला माहीत होतं काय झालं ते. त्या दोन वाट्यांत चिंचोके वाढवत होत्या. मग मूठ उघडली, जणू उरलेले दोन बघायला.

"सहा बदाम," बाई म्हणाल्या.

बोलीत पहिले सहा हात धरलेलेच असतात, म्हणून सहा म्हणजे तेरापैकी बारा हात आम्ही करणार. एकच सोडायची मुभा.

"बाप्पा," डॉक्टर म्हणाले. जनावर उठून उभं राहिल्यावर ते असंच म्हणतात.

त्यांनी पहिलं पान टाकलं. "किलवरचा एक्का." बोली जिंकणाऱ्याच्या भिडूने पानं उघडी ठेवायची असतात, म्हणून मग बाईंनी आपली पानं टेबलावर उघडून मांडली, एकेक नाव घेत. इस्पिकची राणी. बदामचा राजा. चौकटचा एक्का. माझ्या हातात जी भोकं होती, नेमकी तीच बुजवणारी पानं. आणि खाली चार किलवर, चारही कुचकामी. मी किलवरचं माझं एकुलतं पान दिलं. एक हात गेला.

"किलवरचा राजा," डॉक्टर म्हणाले.

इथं माझ्याकडे दुसरं किलवर असतं तर गाडी पुण्याला लागली होती. नव्हतं. "बदामची तिर्री," मी म्हणालो आणि हुकमानं तो हात मारला. पुढे सांगण्यासारखं काही नाही. हुकूम ओढले, इस्पिक एकामागून एक उभे केले, चौकटच्या एक्क्यानं राहिलेलं झाकलं. प्रत्येक पानाचं नाव घेत होतो आणि बाई हिशेबाची उजळणी ऐकावी तशा डोळे मिटून मान हलवत होत्या. त्यांना माझ्या आधीच माहीत होतं. बारा हात.

काकांनी पोह्याची बशी पुन्हा उचलली. "बाई, तुम्ही याच्यावर विश्वास कसा ठेवला? हा जन्माचा लबाड."

"एक पान अंदाजानं होतं," बाई म्हणाल्या. "याची खालची दोन्ही पानं किलवर असती तर आपण गेलो होतो. एकेक असेल असं धरलं."

"ते ठीक आहे. पण सहा बदाम खरंच आहेत, हे?"

"दोन इस्पिक म्हटलं तेव्हा मलेही वाटलं, आला याचा हिरो. म्हणून थांबले. पण तीन इस्पिक म्हटलं तेव्हा समजलं." बाईंनी चहाचा पेला चाचपून उचलला. "मी याची चार-पाच नाटकं पाहिली आहेत. एन्ट्री एकदाच असते. शिट्टी पडली की झालं. कोणताही हिरो त्याच दारातून दोनदा येत नाही. दुसऱ्यांदा आला, तेव्हा म्हटलं, हा नाटक करून नाही राहिला. मोजून राहिला."

मुलाने आईच्या हातामागची ती टेबलाची रिकामी कड पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आई, ठिपक्यांचे पत्ते पण मिळतात म्हणे. बोटांनी वाचायचे."

"मिळतात. मागवून ठेव," बाई म्हणाल्या. "ही मोठी अक्षरं फार दिवस नाही पुरणार. ठिपके शिकायला वेळ लागेल, आतापासून लागलेलं बरं. नि माह्या तिकिटाचं काय ते पाहून घे. मे महिन्यात येईन मी, इथं मिलवर भट्टी होते. महिनाभर राहीन. तुह्या पोरींना शिकवीन."

"आणि गॅस?"

"गॅसला शेजारीण आहे. तिले चौथी म्हणून बसवा लागेल, डॉक्टर बदलून गेले तर."

डॉक्टर म्हणाले की त्यांची बदली कुठंही होत नाही आहे. काका म्हणाले, सहा बदामच्या आनंदात आणखी एकेक प्लेट पोहे. मुलगा फोन काढून जिन्यात गेला. परत आला तेव्हा खुर्ची आईच्या मागे न टाकता टेबलाच्या कोपऱ्यावर टाकली, जिथून चौघांचीही पानं पडताना दिसतात, आणि त्याने विचारलं, "काका, बिनहुकूम म्हणजे काय?"

काका त्याला सांगू लागले. पुढची पानं वाटून झाली. मी माझी लावली आणि बघितलं तर पाच इस्पिक, पाच चौकट. हिरो विंगेत उभा होता, कपडे घालून, केस विंचरून, गाण्याची वाट बघत. भिवई वर गेलीच. काकांनी ती पाहिली आणि डॉक्टरांकडे पाहून डोळा मारला.

"एक इस्पिक," मी म्हणालो.

काकांनी माझ्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला.